दहाव्या वर्षी पाळी आली: कारणं कुठे शोधायची

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ कळेल. मुलगी सव्वादहा वर्षांची, पाचवीत आहे. गेल्या महिन्यात तिला पहिली पाळी आली. उंची १४१ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. जन्माच्या वेळी वजन कमी, म्हणजे २.३ किलो होतं. छातीत गाठ लागते म्हणून तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलंत तेव्हा ती नुकतीच आठ पूर्ण करून पुढे गेली होती. तुम्हाला स्वतःला चौदाव्या वर्षी पाळी आली आणि तुमच्या आईला पंधराव्या. सासूबाईंचं म्हणणं, हे चिकन आणि पिशवीच्या दुधामुळे झालं. गावी राहणारी नणंदेची मुलगी साडेतेरा वर्षांची आहे आणि तिला अजून पाळी नाही, म्हणून तिकडेही काळजी आहे. तुम्ही विचारलंय: असं का होतं, आमचं काही चुकलं का, उंची आता थांबणार का, आणि वयात येणं रोखणारी इंजेक्शनं द्यावीत का.

आधी सरळ उत्तर. सव्वादहा हे वय लवकरचं आहे, पण रोगाचं नाही. पहिली पाळी साधारण दहा ते पंधरा या पट्ट्यात कधीही आली तरी आम्ही डॉक्टर ती सर्वसामान्य धरतो. तुमची लेक या पट्ट्याच्या एका टोकाला आहे आणि भाची दुसऱ्या टोकाकडे झुकते आहे. दोघींच्या वयातला फरक घडवणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत, फक्त त्यांनी उलट्या दिशेने काम केलंय.

कारणांकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं चुकीच्या जागी शोधलं जातं. पाळी ही वयात येण्याची सुरुवात नसते, ती जवळजवळ शेवटची पायरी असते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या काही पेशी जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) थोड्या थोड्या वेळाने सोडतात. बाळ पहिल्या काही महिन्यांचं असतं तेव्हा त्या एकदा जाग्या होतात, मग मेंदू त्यांना कित्येक वर्षं दाबून ठेवतो. हा दाब सुटला की आधी फक्त रात्रीच्या झोपेत आणि मग दिवसाही ते संप्रेरक ठरावीक अंतराने बाहेर पडू लागतं. त्यामुळे मेंदूच्या खालची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी कामाला लागते, ती अंडाशयांना जागं करते, अंडाशयं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनवतात. इस्ट्रोजेनचं पहिलं दिसणारं काम म्हणजे स्तनाग्राखाली लागणारी ती दुखरी गाठ. मग उंची झपाट्याने वाढते, काखेत वास येऊ लागतो, केस येतात, अंगावरून पांढरं जाऊ लागतं, आतून गर्भाशय वाढत राहतं. आणि गाठ लागल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते.

तुमच्या मुलीचा हिशोब लावा. आठव्या वर्षानंतर गाठ, सव्वादहाला पाळी. मधलं अंतर दोन वर्षांचं, म्हणजे अगदी नेहमीचं. गेल्या महिन्यात काही वेगळं घडलं म्हणून पाळी आली नाही. खरा प्रश्न आहे तो आठव्या वर्षी मेंदूने दाब का सोडला याचा. म्हणून गेल्या सहा महिन्यांत ती काय खात होती, कोणता मोबाईल बघत होती, कुठल्या लग्नाला गेली होती, हे आठवत बसू नका. कारणं असतील तर ती आठव्या वर्षाच्याही मागे, काही तर तिच्या जन्माच्याही आधी आहेत.

पहिलं कारण आनुवंशिकतेचं. जुळ्या बहिणींवर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांतून दिसतं, की एकसारखी परिस्थिती असलेल्या मुलींमध्ये पाळीच्या वयातला निम्म्याहून जास्त फरक जनुकांमुळे पडतो. यासाठी एकच एक जनुक नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे आठ लाख स्त्रियांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात जनुकसंचातल्या हजाराहून अधिक जागा या वयाशी जोडलेल्या सापडल्या. बहुतेक जागांचा परिणाम अगदी थोडा, काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा. पण काही जनुकं मोठी कामगिरी करतात. मेंदूतला तो दाब टिकवून ठेवणारं एमकेआरएन३ नावाचं जनुक २०१३ मध्ये ओळखलं गेलं. ते बिघडलं तर मुलं फार लवकर वयात येतात. आणि या जनुकाची फक्त वडिलांकडून आलेली प्रतच चालू असते. त्यामुळे मी नेहमी वडिलांनाही विचारतो की त्यांना मिसरूड केव्हा फुटलं, उंची कुठल्या इयत्तेत वाढली, त्यांच्या बहिणींना पाळी कधी आली. आपल्याकडे हा प्रश्न फक्त आईला विचारायची पद्धत आहे. ती अपुरी आहे.

मग तुम्हाला चौदाव्या वर्षी आणि लेकीला दहाव्या वर्षी, असं कसं? कारण तुमचं चौदा हे तुमच्या जनुकांचं वय नव्हतं. ते तुमच्या जनुकांनी तुमच्या बालपणाशी जुळवून घेऊन काढलेलं वय होतं. तुमचं, तुमच्या आईचं आणि लेकीचं बालपण वेगवेगळ्या ताटावर गेलं. आता या मुद्द्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्या कारणांमध्ये हेच सगळ्यात भक्कम आहे.

सुश्रुतसंहितेत रजोदर्शनाचं वय बारा आणि रजोनिवृत्तीचं पन्नास असं दिलेलं आहे. पोटभर जेवणाऱ्या घरातल्या मुलींचं आजचं वय पाहिलं तर हा आकडा चकित करण्याइतका जवळचा आहे. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपात मुलींना सरासरी सोळा-सतराव्या वर्षी पाळी येत होती. तेव्हा तिकडच्या गरीब घरांत अपुरं अन्न, दाटीवाटीची वस्ती, सततचे आजार आणि लहान वयातली मजुरी हे सगळं होतं. पुढच्या शंभर वर्षांत अन्न, स्वच्छ पाणी आणि लसी आल्या, तसं ते वय तेराच्या आसपास उतरलं. जनुकं शंभर वर्षांत बदलत नाहीत. बदललं ते ताट आणि आजारपण. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या अनेक भागांत अन्नाची टंचाई झाली तेव्हा पाळीचं वय पुन्हा पुढे गेलं, आणि युद्ध संपल्यावर परत खाली आलं.

भारतात ही उतरण सावकाश आणि विषम आहे. देशव्यापी पाहणीत १९५५ ते ६४ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांचं सरासरी वय १३.८ निघालं आणि १९८५ ते ८९ मध्ये जन्मलेल्यांचं १३.६. म्हणजे दर दशकाला जेमतेम एखादा महिना. पण ही सरासरी खेडं, शहर, गरीब, श्रीमंत सगळ्यांची मिळून आहे. शहरातल्या सुस्थित घरांत हे वय केव्हाच साडेबाराच्या आसपास आलेलं आहे. तुमच्या घरात तीन पिढ्यांमध्ये जे घडलं तो याच उतरणीवरचा प्रवास आहे.

अन्न नेमकं कसं काम करतं, हे कळायला बराच काळ गेला. १९७० मध्ये हार्वर्डच्या रोज फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी मांडलं, की मुलीचं वजन सुमारे ४७ किलोला पोहोचलं की पाळी येते, मग वय काही असो. पुढे फ्रिश यांनीच वजनाऐवजी शरीरातल्या चरबीच्या प्रमाणावर भर दिला. एका ठरावीक किलोची ही कल्पना तंतोतंत टिकली नाही. आपल्याकडे पस्तीस-अडतीस किलोच्या कितीतरी मुलींना पाळी येते. पण मूळ विचार बरोबर होता. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं, आणि धागा हाती आला. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून सुटणारं संप्रेरक. कणगीत धान्य किती आहे हे घरधन्याला कळवावं तसं ते मेंदूला शरीरातल्या साठ्याची खबर देतं. ज्यांच्या शरीरात जन्मतः लेप्टिनच बनत नाही अशी मुलं वयातच येत नाहीत, आणि त्यांना लेप्टिन दिलं की येतात. मात्र दोन-चार वर्षांच्या गुटगुटीत बाळाला कितीही लेप्टिन असलं तरी पाळी येत नाही. म्हणजे लेप्टिन परवानगी देतं, हुकूम देत नाही. हुकुमाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मेंदूतच बनणारं किसपेप्टिन. त्याचं काम २००३ मध्ये दोन वेगळ्या संशोधकगटांनी एकाच वेळी दाखवलं. साठ्याची खबर शेवटी किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्या जीएनआरएचला चालना देतात.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तुम्ही सहज लिहून गेलात तो आकडा: जन्माचं वजन २.३ किलो. जन्मतः लहान असलेलं बाळ पुढे भराभर भरलं, तर त्या मुलींमध्ये पाळी लवकर येण्याकडे कल दिसतो. याचा एक ठळक पुरावा भारताशीच जोडलेला आहे. १९९१ मध्ये स्वीडनमधल्या डॉक्टरांनी भारतातून दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मुली लहानपणी इथे खुरटलेल्या होत्या, तिकडे जाऊन भरपूर खाऊ-पिऊ लागल्या आणि झपाट्याने वाढल्या. त्यांच्या पाळीचं मध्यक वय (निम्म्या मुलींना ज्याच्या आत पाळी आली ते) निघालं ११.६ वर्षं. स्वीडिश मुलींपेक्षा लवकर, आणि भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींपेक्षाही लवकर. काहींना तर आठ वर्षं पूर्ण होण्याआधीच आली. आधी तोटा आणि मग एकदम विपुलता, या क्रमाला शरीर असं उत्तर देतं. बेल्जियम आणि डेन्मार्कमध्येही दत्तक मुलींमध्ये अकाली वयात येण्याचं प्रमाण असंच जास्त आढळलं.

याच्या जोडीला पुण्याचं काम ठेवा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी झाले होते ते स्नायू आणि आतले अवयव. दिसायला काटकुळी, आतून चरबी राखलेली. ‘आमची मुलगी काही जाड नाही’ असं आईबाप सांगतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. आपल्या मुलींचं वजन पाश्चात्त्य मुलींच्या तक्त्यावर टाकून ‘ठीक आहे’ म्हणणं म्हणूनच फसवं ठरतं. तुमच्या मुलीचं १४१ ला ४१ हे वजन भारतीय मुलींच्या तक्त्यावर जास्तीच्या पट्ट्यात जातं. हे मी ठपका म्हणून सांगत नाही. २.३ किलोचं बाळ हातात आल्यावर कुठलीही आई त्याला भरवणारच, आणि घरातले, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही ‘वजन वाढवा’ एवढंच सांगतात. तुमचं काही चुकलं का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ आहे.

खाण्याच्या एकेका पदार्थाबद्दल मात्र पुरावे फार तोकडे आहेत. साखरेच्या पेयांवर २०१५ मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. रोज दीड ग्लासापेक्षा जास्त गोड पेयं पिणाऱ्या मुलींना ती क्वचित पिणाऱ्या मुलींपेक्षा सुमारे पावणेतीन महिने आधी पाळी आली. पावणेतीन महिने! फरक खरा आहे, पण चौदाचं दहा करण्याइतका नाही. जवळजवळ सगळ्या एकेकट्या घटकांचं असंच आहे. प्रत्येक जण आठवड्यांनी, महिन्यांनी ढकलतो. मोठा फरक दिसतो तो अनेक गोष्टी एकाच दिशेने जमल्या की.

आता चिकन आणि दूध. सासूबाईंचा हा समज इतका पसरलेला आहे की ओपीडीत तो जवळपास रोज ऐकू येतो. ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत वाढते ती निवडून तयार केलेल्या वाणामुळे आणि मोजून दिलेल्या खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक करून संप्रेरकाचं इंजेक्शन देत बसणं कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारं नाही. जनावराला पान्हा सोडण्यासाठी काही जण ऑक्सिटोसिन टोचतात. ते गैर आणि जनावरासाठी क्रूर आहे, त्याला विरोध व्हायलाच हवा. पण ते प्रथिनासारखं पोटात पचून जातं आणि वयात येण्याशी त्याचा संबंधही नाही. चिकन, अंडी, दूध ही प्रथिनं आहेत, ती बंद केलीत तर मुलीच्या वाढीचंच नुकसान होईल, आणि ते नेमकं तिच्या शेवटच्या वाढीच्या काळात. तळलेलं, बेकरीचं आणि बाटलीतलं कमी करा, अंडं काढू नका.

‘उष्ण’ पदार्थ, पपई, तीळ, गूळ, गरम हवा यांच्याबद्दलही तेच. उष्ण देशात मुली लवकर वयात येतात असं युरोपातले लोक जुन्या काळी ठामपणे लिहीत. विसाव्या शतकाच्या मध्यात नायजेरियातल्या शाळकरी मुली आणि उत्तर ध्रुवाजवळच्या एस्किमो मुली यांची वयं मोजली गेली, तर दोन्हीकडे सरासरी चौदा वर्षं आणि काही महिने अशीच निघाली. फरक पडतो तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. फार उंच डोंगराळ भागात पाळी उशिरा येते, कारण तिथे प्राणवायू विरळ आणि शरीराची ऊर्जा जास्त खर्ची पडते.

रसायनांचा विषय गंभीर आहे, फक्त घरगुती गप्पांत तो चुकीच्या ठिकाणी शोधला जातो. १९७३ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात गुरांच्या खाद्यात चुकून आग रोखणारं एक ब्रोमीनयुक्त रसायन मिसळलं गेलं आणि ते दूध-मांसातून हजारो लोकांच्या शरीरात गेलं. ज्या मुलींना ते आईच्या पोटात जास्त प्रमाणात आणि मग अंगावरच्या दुधातून मिळालं, त्यांना सरासरी ११.६ व्या वर्षी पाळी आली. बाकीच्यांना बारा ओलांडल्यावर. म्हणजे गर्भावस्थेतला संपर्क दहा-अकरा वर्षांनी बोलला. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स, सुगंधी प्रसाधनांतले काही घटक यांच्याबद्दलही कॅलिफोर्नियात गरोदरपणापासून पाठपुरावा केलेल्या मुलांमध्ये लवकर वयात येण्याशी संबंध दिसला आहे. शिसं मात्र उलट वागतं, रक्तात ते जास्त असलेल्या मुलींना पाळी उशिरा आली. घरात एवढं जरूर करा: गरम जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, लहान मुलींना तीव्र वासाची क्रीम-परफ्युम लावू नका. यापलीकडे घाबरून घर उलटंपालटं करायची गरज नाही.

मोबाईलबद्दल विचारता, तर मोबाईल बघून मेंदूत थेट काही चालू होतं असा पुरावा माझ्या हातात नाही. पण कोविडच्या टाळेबंदीत जे दिसलं ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. इटलीपासून अनेक देशांत अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या एकदम वाढली. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाच्या बालसंप्रेरक विभागात तपासणीला आलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण आधी १.४ टक्के होतं, ते त्या काळात ५.१ टक्के झालं. घरात कोंडलेली मुलं, बंद झालेलं खेळणं, वाढलेलं वजन, रात्रीची जागरणं, घरातला ताण, सगळं एकत्र आलं होतं. आई-वडील दिवसभर घरात असल्यामुळे त्यांच्या लक्षातही लवकर आलं असेल. पण हा वाढीव आकडा फक्त लक्षात येण्यामुळे आहे असं मला वाटत नाही. तुमची मुलगी तेव्हा कितवीत होती आणि तिचं वजन त्या दोन वर्षांत किती वाढलं, हे शाळेच्या आरोग्यपत्रकातून काढून बघा.

ताणाचा मुद्दा आला आहे तर सांगतो. सततची भांडणं, वडिलांचं घरात नसणं, लहानपणीचा अत्याचार यांच्याशी लवकर वयात येण्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींमध्ये हे बदल आठ ते बारा महिने आधी दिसले. याचा अर्थ उलटा लावू नका. पाळी लवकर आली म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय असं कुणीही, कधीही म्हणू नये. मात्र मुलगी गप्प झाली असेल, कुणाला टाळत असेल, तर तिच्याशी निवांत बोला.

आता गावच्या भाचीकडे. तिच्याबद्दल मला पहिला प्रश्न विचारायचा आहे तो पाळीचा नाहीच. स्तनांची वाढ सुरू झाली का आणि केव्हा? बारा-साडेबाराला सुरू झाली असेल तर चौदा-साडेचौदाला पाळी यावी, थांबायला हरकत नाही. तेरा पूर्ण होऊनही काहीच बदल नसेल, किंवा पंधरा पूर्ण होऊन पाळी नसेल, किंवा स्तनवाढ सुरू होऊन तीन वर्षं उलटली असतील, तर तपासणी हवी. वर्गातल्या मुलींपेक्षा ती फारच बुटकी असेल तर टर्नर सिंड्रोम (एक्स गुणसूत्रातला जन्मजात दोष) तपासावा लागतो, सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एकीला तो असतो. दर महिन्याला पोटात कळा येतात पण रक्तस्राव नाही, अशी तक्रार असेल तर रक्त बाहेर येण्याची वाट अडलेली असू शकते. ती छोट्या शस्त्रक्रियेने मोकळी होते, तिथे थांबणं धोक्याचं. सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार), थायरॉईड, मूत्रपिंडाचे विकार, क्षयरोग आणि थॅलॅसेमिया हेही पाळी लांबवतात. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विचार आधी करावा, त्या आजारात मुलींना वर्ष-दोन वर्षं उशीर होतो. कुपोषण हे तर सगळ्यात साधं कारण आहे. जड खेळाचा सराव करणाऱ्या मुलींनाही उशीर होतो. १९८१ मध्ये फ्रिश यांनी धावपटू आणि जलतरणपटू मुलींत पाहिलं, की पाळीआधी केलेल्या प्रत्येक वर्षाच्या सरावामागे पाळी सुमारे पाच महिने पुढे जाते. अर्थात उशिरा वाढणाऱ्या सडपातळ मुलीच अशा खेळांत टिकतात, हेही त्यात मिसळलेलं असतं.

आणि गावाकडे एक गोष्ट ठामपणे सांगा. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाला किंवा बाळंतपणाला तयार झाली असं नसतं. कमरेची हाडं पाळीनंतर कित्येक वर्षं रुंद होत राहतात, आणि सुरुवातीच्या अनेक पाळ्यांमध्ये अंडंही तयार होत नाही.

तुमच्या लेकीसाठी आता काय करायचं. डाव्या हाताच्या मनगटाचा एक एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत, ते बघून घ्या, थायरॉईडची तपासणी आणि हिमोग्लोबिन करा. स्तनवाढ आठ पूर्ण होण्याआधी सुरू झाली असती तर आणखी तपासण्या लागल्या असत्या, आणि सहाच्या आत असती तर मेंदूचा एमआरआयही. डोकेदुखी, उलट्या, दिसायला त्रास यांपैकी काही असेल तर मात्र वयाचा विचार न करता लगेच दाखवा.

इंजेक्शनं मी देणार नाही. महिन्याला किंवा तीन महिन्यांनी दिली जाणारी ही औषधं चांगली आहेत, पण ती लहान वयात, विशेषतः सहाच्या आत सुरू झालेल्या मुलींना उंचीसाठी उपयोगी पडतात. आठनंतर सुरू झालेल्या आणि पाळीपर्यंत पोहोचलेल्या मुलीत त्यांनी उंचीत काही भरीव मिळत नाही. पाळीचा त्रास नको म्हणून ती द्या असा आग्रह काही पालक धरतात, तो मी मान्य करत नाही.

उंचीचं सांगतो. पाळीनंतर मुली साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढतात, लवकर पाळी आलेल्या थोड्या जास्त. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून तेरा वजा करा आणि निम्मे करा, हा मुलीच्या अपेक्षित उंचीचा अंदाज. तुम्ही १५४ आणि तिचे बाबा १६८ असं लिहिलंय, म्हणजे साडेएकशे चौपन्न. ती दीडशेच्या आसपास थांबेल असं मला वाटतं. घराण्याच्या अपेक्षेच्या आतच, फक्त खालच्या बाजूला. वर्गात आज ती उंच दिसते आणि दोन वर्षांनी मैत्रिणी तिला ओलांडतील, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा तिला आपलं काही बिघडलंय असं वाटणार नाही.

वजनासाठी उपास नाही, डाएट हा शब्दही नाही. रोज तासभर घाम येईल असं खेळणं, रात्री नऊ तासांची झोप, घरी केलेलं जेवण, आणि वजन घटवण्याऐवजी पुढचं वर्षभर आहे तिथे रोखणं पुरेसं आहे. लवकर पाळी आलेल्या मुलींमध्ये पुढे मधुमेहाची आणि थोड्या प्रमाणात स्तनाच्या कर्करोगाची शक्यता वाढते. वर्षभर आधी पाळी आल्यामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. हा मूळच्या छोट्या धोक्यावरचा पाच टक्के आहे, म्हणून घाबरू नका. मधुमेहाचं मात्र तुमच्या हातात बरंच आहे.

पहिली दोन वर्षं पाळी अनियमित राहील. एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत कधीही आली तरी चालेल. तीन महिने आलीच नाही, सात दिवसांपेक्षा जास्त चालली, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं तर दाखवा. पाचवीतल्या मुलीला शाळेत पॅड बदलता येणं ही खरी अडचण असते, म्हणून वर्गशिक्षिकांना भेटून सांगा, दप्तरात एक छोटी पिशवी ठेवा, घरी तिला स्वतः बदलायला शिकवा. तिला बाजूला बसवू नका. ती अजून दहा वर्षांचीच आहे, तिच्याशी तसंच वागा. खेळायला जाऊ द्या, भावाशी भांडू द्या. ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य घरात कुणी बोलणार असेल तर त्यांना आधीच थांबवा. लवकर वयात आलेल्या मुलींना उदासपणा आणि मोठ्या मुलांच्या नजरांचा त्रास जास्त होतो, आणि त्याचा मोठा भाग आजूबाजूचे लोक तिच्याशी वयाहून मोठी समजून वागतात यातून येतो.

धाकटी मुलगी असेल तर तिची उंची आणि वजन आत्तापासून दर सहा महिन्यांनी लिहून ठेवा. आठच्या आधी गाठ लागली किंवा वर्षात उंचीने एकदम सात-आठ सेंटिमीटरची उडी घेतली, तर पाळीची वाट न बघता तेव्हाच घेऊन या.